रुईच्या झाडाला हळद

कौसल्या काजं पाडती. शर्टाचं बटण ज्या भोकात जातं ना, ते काज. बारामतीत आमची कपड्याची कंपनी हाय, तितं आठ वर्षं ती एकाच मशिनवर बसून हेच काम करती. मी शमशाद, तिच्या पुढच्या रांगेत कॉलर लावते. तुमी कार्याला जो इस्त्रीचा शर्ट घालून मिरवता, त्याची कॉलर माझी आन काजं तिची असतील, काय सांगता येतंय.

मान खाली घालून काम करणारी बाई दिसली की लोकांना वाटतं, गरीब गाय. गरीब गाय म्हणं! एकदा नव्या सुपरवायझरनं बाथरूमला जायचं टोकन बंद केलं. आमी साठ बायका आतल्या आत चरफडत बसलो, कुणाची उठायची टाप न्हाय. कौसल्या उठली, मशीन बंद केली, त्याच्या टेबलापाशी गेली आन शांतपणानं म्हणली, साहेब, टोकन द्या, न्हायतर पोतेरं तरी द्या. दुसऱ्या दिवशी टोकन चालू झालं. अशी ही गाय.

तिचं माहेर इंदापूरच्या पलीकडं, धरणाच्या कडंला. एकोणिसाव्या वर्षी सणसरला दिली. नवरा अविराज चांगला माणूस व्हता, हे ती आजबी सांगती आन आमी ऐकतो. नऊ वर्षांमागं हायवेवर ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. पोरगी श्रेया तवा तीन वर्षांची. वर्ष सरलं आन कौसल्या कंपनीच्या गेटवर येऊन उभी राहिली. घरात सासरा दत्तोबा, सासू सारजाबाई आन मोठा दीर महिपती. ती घरात रडायची न्हाय, बसमधी रडायची न्हाय. रडायची ती मशिनवर, कारण तितल्या आवाजात कुणाला ऐकू जात न्हाय. मला मात्र दिसायचं, आन मग माझी कॉलर वाकडी जायची.

आमची बस दीपक चालवतो. कन्हेरीचा. चाळिशी आली तरी बिनलग्नाचा, कारण जमीन न्हाय, आन आजकाल पोरीचा बाप जावई नंतर बघतो, सातबारा आधी बघतो. हा माणूस आठ वर्षं सणसरच्या फाट्यावर कौसल्यासाठी दोन दोन मिनिटं बस थांबवायचा. माझी एकदा चप्पल तुटली म्हणून मी मागं राहिले, तर गाडी गेली की माझ्या डोळ्यादेखत. आमी काय आंधळ्या हाव? पण बोललो न्हाय. गेल्या दिवाळीत त्यानंच दत्तोबाच्या ओट्यावर जाऊन सरळ मागणी घातली. म्हातारा भला. म्हणला, पोरीचं अजून आयुष्य पडलंय, आमी किती दिवस पुरणार. श्रेया आईबरोबर कन्हेरीला जाणार हे बी त्यानंच ठरवलं.

हितवर सगळं ग्वाड झालं. मग निघाल्या अटी.

मोठी माणसं बसली आन ठरवलं, की हे दुसरेपणाचं हाय, ह्याला लगीन म्हणायचं न्हाय, पाट म्हणायचं. पाट लावायचा तो तांबडं फुटायच्या आधी, अंधारात, गावाबाहेरच्या देवळात, चौघांत. हळद न्हाय, चुडा न्हाय, वाजंत्री न्हाय. केळवण तर न्हायच. लग्नाआधी नवरीला सगळी घरं जेवायला बोलावतात, ताटाभोवती रांगोळी काढतात, ओटी भरतात, ते कौसल्याला कुणी करणार न्हवतं. सवाष्णीनं पाट लागताना बघायचं सुदीक न्हाय म्हणं. सासू सारजाबाई कोपऱ्यात बसली व्हती, ती एवढंच म्हणली, त्याला गाजावाजा नसतो.

आन ह्याच्यावर कडी ऐका. दीपकचं पहिलंच लगीन. बिनलग्नाच्या पुरुषाला विधवेशी पाट लावायचा असंल तर आधी त्याचं लगीन रुईच्या झाडाशी लावायचं. रस्त्याच्या कडंला उगवती ती रुई, जिच्या पानांची माळ मारुतीला घालतात. त्या झाडाला हळद लावायची, हिरव्या बांगड्या अडकवायच्या, हलगी लावून अक्षता टाकायच्या. मग झाड त्याची पहिली बायको, आन कौसल्या दुसरी. दीपकच्या चुलत्यानं हे सगळं गंभीर तोंडानं सांगितलं आन बसलेल्यांतलं कुणी हसलं न्हाय.

मला हे बसमधी कळलं आन माझं डोकंच फिरलं. झाडाला हळद आन बाईला न्हाय? मी एवढ्या मोठ्यानं बोलले की मागच्या सीटवर झोपलेल्या बायका उठून बसल्या. दीपक आरशातून बघत म्हणला, भाभी, मी चुलत्याला सांगितलंय, झाडामागं लागायला मी काय शेळी न्हाय. बायका हसल्या, पण त्यानं काय व्हतंय. झाड रद्द झालं तरी अंधार काय रद्द झाला न्हवता.

तुमी म्हणाल, शमशाद, तू मुसलमानाची, तुला ह्यांच्या चालीरीतीत कशाला नाक खुपसायचंय? तर ऐका. आमच्यात दुसरा निकाह उजेडात व्हतो, खरं हाय, पण लोक बिर्याणी खाता खाता नाक मुरडतातच. माझ्या चुलतबहिणीचा दुसरा निकाह ठरला तवा तिला मेंदी लावायला एक बाई फिरकली न्हाय. मी लावली, वाकडीतिकडी. ती ते हात सगळ्यांना दाखवत फिरली. म्हणून मला कुणी शिकवू नये.

कौसल्या खिडकीशी बसली व्हती. मला म्हणली, "श्रेयानं काल विचारलं. आई, अंधारात का? तू काय चोरी करतीस?"



"मला दुसरं काय नगं गं," ती म्हणली. "तिच्या डोळ्यादेखत, उजेडात मला हळद लागावी. एवढंच."

माझ्या नणंदेची पोरगी शबीना कंपनीत चेकिंगला हाय. एकवीस वर्षांची, मोबाईल हाताला चिकटलेला. तिनं मान वर केली आन म्हणली, मामी, आपण हिची बॅचलरेट करू. काय करू? मग तिनं समजावलं. शहरातल्या पोरी लग्नाआधी मैत्रिणी घेऊन डोंगरावर जातात, हॉटेलात राहतात, एकसारखे कपडे घालून फोटो काढतात, केक कापतात. नवरीच्या अंगावर 'होणारी नवरी' लिहिलेला पट्टा असतो. मी म्हटलं, मग हे केळवणच की! नुसतं डोंगरावर चढलेलं. ज्यांना आपल्या घरात बोलवायचं न्हाय त्यांनी नगं बोलवू. आमी महाबळेश्वरला घालतो केळवण. आन आल्यावर हळद बी आमीच लावू, बघू कोण आडवं येतंय.

ठरलं. सात बायका आन श्रेया. शबीनानं लगेच ग्रुप काढला, नाव ठेवलं 'कौसल्याचं केळवण'. पहिली अडचण अशी, की ही पार्टी वीकेंडला करतात, आन आमची सुट्टी गुरुवारची. शबीना हिरमुसली. मी म्हटलं, कंपनी बंद असती तो आपला वीकेंड, बुधवारची रजा टाकायची. गाडी माझ्या मालकाची. दस्तगीर इंदापूर-बारामती वडापची, सीटवर भाडं घ्यायची क्रूझर चालवतो. त्याला सांगितलं तर म्हणला, बायकांच्यात मी काय करू? म्हटलं, काय करू नगंस, घाट चढव आन गप बस. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्याला गप बसायची सवय हाय.

हॉटेलला फोन मी केला. तितला माणूस विचारतो, सोबत जेन्ट्स कोण? म्हटलं, एक हाय, पण तो गाडीतच झोपतो. तो गडी म्हणला, मग राहू द्या, बायकांचीच खोली लिहितो. खाण्यावरनं मात्र शबीनाचं आन माझं जुंपलं. मला चाळीस भाकरी आन शेंगदाण्याची चटणी न्यायची व्हती. ती म्हणली, मामी, महाबळेश्वरात जाऊन चटणी? म्हटलं, मग काय नुसत्या स्ट्रॉबेरीवर जगायचं? शेवटी भाकरी माझ्या, केक तिचा, तलावातली होडी सगळ्यांची.

आता कपडे. एकसारखे कुडते पाहिजेत. विकत कशाला, आमी रोज हजारानं शर्ट बाहेर काढतो, सात कुडते म्हणजे किस झाड की पत्ती. बाजारातनं कापड आणलं, सहांना गुलाबी आन नवरीला हिरवं. गुरुवारी सगळ्या माझ्या घरी जमल्या आन तवा कळलं, की आमच्यातल्या एकीला बी अख्खा कुडता शिवता येत न्हाय! हसू नगा. कंपनीत मी जन्मभर कॉलर लावली, दुसरीनं खिसा, तिसरीनं दुमड. कापड पुढच्या बाईकडं सरकवलं की आपलं काम संपलं. अख्खा शर्ट कुणी हातात धरलाय? शेवटी माझ्या ओसरीत कंपनीसारखी रांग लावली. एकीनं कापलं, एकीनं जोडलं, मी कॉलर, कौसल्या काजं. असल्या सुबक काजांचे कुडते राणीला मिळाले नसतील. फक्त बाह्यांना कोण न्हाय.

बाह्या मनिषाच्या. आमच्या कंपनीत तिच्यासारखी बाही कुणी बसवत न्हाय. पण ती आलीच न्हाय. फोन केला तर घाबऱ्या आवाजात बोलली. तिच्या सासूनं सांगितलं व्हतं, पाटाच्या बाईच्या केळवणाला सवाष्णीनं जायचं नसतं, कपाळाच्या कुंकवाला बाधतं. मी फोनवर लई तोंडसुख घेतलं, ते हितं लिहीत न्हाय. कौसल्यानं माझ्या हातातला फोन काढून घेतला आन तिला म्हणली, मनिषा, तू घरातल्यांशी भांडू नगंस, मला राग न्हाय. मला मात्र राग व्हता आन अजून हाय.

कापलेल्या बाह्या तशाच पडल्या. शबीना म्हणली, बिनबाह्यांची फॅशनच हाय. दंडाच्या गोलाला पट्टी मारली आन झाले कुडते. कौसल्या आतल्या खोलीत जाऊन हिरवा घालून आली. नऊ वर्षं फिकट साडी, कोपरापर्यंत बाही, वर पदर. तिच्या हाताच्या पंजांना उन्हानं काळपट केलेलं आन दंड मात्र लेकरासारखे गोरे राहिलेले. ती आरशासमोर उभी राहिली, दंडावरनं हात फिरवला आन म्हणली, वारा लागतोय गं. मग हसली. मला बाई रडू आलं.

मला वाटलं, आता गाडीत बसायचं तेवढं राहिलं. पण हॉटेलवाल्याला सगळ्यांची आधार कार्डं पाहिजे व्हती. कौसल्याचं कार्ड महिपतीच्या कपाटात, रेशन कार्डाबरोबर कुलपात. तिनं मागितलं. त्यानं विचारलं, कशाला? दुसरी असती तर म्हणली असती, बँकेत द्यायचंय. हिनं खरं सांगितलं. महाबळेश्वरला जायचंय, बायका बायका, केळवणाला.

महिपतीला गावात मान पाहिजे असतो, मिळंल तितनं. त्यानं आकाशपाताळ एक केलं. भावाच्या नावाला बट्टा लावतीस, विधवा बाई डोंगरावर जाऊन नाचणार, लोक आमच्या तोंडात शेण घालतील, असं बरंच. शेवटी त्यानं सांगितलं, तू गेलीस तर श्रेया ह्याच घरात राहील, कन्हेरीला जाणार न्हाय. आन पाटाला ह्या घरातलं कुणी येणार न्हाय. कार्ड दिलं न्हाय ते न्हायच. कार्डाचं काय, शबीनानं ओटीपी घालून ते मोबाईलवर दोन मिनिटांत काढलं. महिपती तिकडं कागदाला कुलूप लावून बसला. पण पोरगीचं काय करायचं? ती काय ओटीपीनं निघती?

दोन दिवस कौसल्या मशिनवर नुसती काजं पाडत राहिली. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, राहू दे बाई, सगळं सोड. पोरगी आधी. मनापासनं म्हटलं. मला भीती वाटाय लागली व्हती, आपल्या तोंडाळपणापायी हिचं लेकरू जायचं.

तिनं मशीन थांबवली. "न्हाय शमशाद. आज भिऊन गप बसले तर उद्या त्यो अजून काय मागंल. जायचं, आन श्रेयाला घेऊनच जायचं."

बुधवारी सकाळी सात वाजता आमची क्रूझर सणसरला तिच्या दारात उभी राहिली. आत पाच गुलाबी कुडते, भाकरीचं गाठोडं, फुगे आन मांडीवर केक धरून बसलेली शबीना. सातवी मनिषा, तिची जागा रिकामीच. कौसल्या बाहेर आली. हिरवा कुडता, दंड उघडे, पदर न्हाय. गल्लीतल्या ओट्यांवर माणसं चहा पीत बसली व्हती, त्यांच्या बशा तोंडापाशीच थांबल्या. महिपती दारात आडवा उभा. श्रेया आत. दत्तोबा ओट्यावर, खाली मान घालून.

कौसल्या म्हणली, भाऊजी, पोरगीला सोडा. तो म्हणला, सांगितलं ना तुला. दस्तगीर गाडीतनं उतराय लागला, मी त्याचा हात धरला. मुसलमानाचा माणूस मधी पडला असता तर महिपतीला नवाच विषय मिळाला असता. मी दात-ओठ खात बसून राहिले. एवढा हतबल राग मला आयुष्यात कधी आला न्हाय.

तवा आतनं सारजाबाई आली. श्रेयाचा हात तिच्या हातात. पोरगीनं चांगला फ्रॉक घातलेला, वेणी घातलेली. म्हातारीनंच घातली असणार, दुसरं कोण व्हतं आत.

महिपती म्हणला, "आई, तू मधी येऊ नगंस. पाटाच्या बाईला एवढी शोभा कशाला पाहिजे?"

सारजाबाईनं त्याच्याकडं बघितलं. आवाज चढवला न्हाय. "तू पाटाच्याच बाईच्या पोटचा हायस, महिपती."

सणसरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक असणार, महिपतीच्या बी कानावर असणार. पण तिच्या तोंडनं आजवर कुणी ऐकलं न्हवतं. ती सांगत गेली आन आमी गाडीत ऐकत बसलो. सतराव्या वर्षी तिचा पहिला नवरा गेला. पुढच्या साली दत्तोबाशी पाट ठरला. दत्तोबा बिनलग्नाचा, म्हणून आधी त्याचं लगीन रुईशी लागलं, दिवसाढवळ्या, हलगी लावून. झाडाला हळद लागली, झाडाला चुडा घातला. ही भिंतीआड उभी राहून ऐकत व्हती. मग हिला गोठ्यात नेलं, दिवा मालवला, डोक्यावर पदर टाकला आन म्हणले, झालं. त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. तवापासनं गावात एवढी लग्नं झाली, पण नवरीला हळद लावायला सारजाबाईला कुणी बोलावलं न्हाय. पाटाची बाई, तिचा हात चालत न्हाय.

महिपती काय तरी बोलाय गेला. दत्तोबा ओट्यावरनं उठला. म्हणला, "खरं हाय ते. मी त्या झाडावर अक्षता टाकल्या, मला हसू येत व्हतं. हिच्याकडं कुणी बघितलं न्हाय. मी बी न्हाय."

मग म्हातारा चालत आला आन पोराला दंडाला धरून दारातनं बाजूला केलं. महिपती झाला बाजूला. गल्लीसमोर आणखी शोभा त्याला नगं व्हती.

सारजाबाईनं श्रेयाला गाडीत चढवलं. मग कौसल्यासमोर उभी राहिली. तिच्या उघड्या दंडाकडं तिनं बघितलं, पण त्यावर काय बोलली न्हाय. पुढचं इतकं हळू बोलली की मला खिडकीतनं वाकून ऐकावं लागलं. "तुला हळद लागंल तवा मला लावू देशील? मला अजून कुणी हळदीला हात लावू दिला न्हाय."

कौसल्याचे डोळे भरले, पण आवाज भरला न्हाय. सगळ्या ओट्यांना ऐकू जाईल एवढ्यानं ती म्हणली, "शुक्रवारी हळद हाय, आत्या. दिवसा, आपल्याच अंगणात. पहिली तुमी मला लावायची. आन मग मी तुमाला."